जपानमधला पहिला महिना: कागदपत्रांचा क्रम चुकवू नका

नोकरीसाठी जपानला आलेल्या आपल्या लोकांची पहिल्या महिन्यातली तक्रार बहुधा एकच असते. बँक म्हणते फोन नंबर आणा, फोनवाला म्हणतो रेसिडेन्स कार्डावर, म्हणजे निवासाच्या परवान्याच्या कार्डावर, पत्ता आणा, आणि कंपनीचा एचआर विचारतो की पगार कुठल्या खात्यात टाकू. माणूस दोन आठवडे या दारातून त्या दारात फिरतो. प्रत्येक ठिकाणचा नियम आपल्या जागी बरोबर असतो, आपला क्रम चुकलेला असतो.

हा लेख कंपनीच्या नोकरीवर, वर्क व्हिसावर येणाऱ्यांसाठी आहे. एकटे येणारे आणि कुटुंब घेऊन येणारे, दोघांसाठीही. क्रम असा: आधी पत्ता, मग विमा-पेन्शन, मग फोन, मग बँक, मग माय नंबर कार्ड, म्हणजे जपानमधल्या १२ अंकी ओळख क्रमांकाचं कार्ड. आणि या सगळ्याच्या आधी, भारतातच, नाव.

## टप्पा १: निघण्यापूर्वी भारतात

नावाचं एकच रूप ठरवा. सगळ्यात जास्त त्रास इथे होतो आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या पासपोर्टवर बहुतेकदा आडनावाच्या रकान्यात आडनाव असतं आणि नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. जपानच्या रेसिडेन्स कार्डावर हेच रोमन अक्षरांत, आडनाव आधी घालून छापलं जातं. म्हणजे सुनील दत्तात्रय कुलकर्णी हे तिथे 'कुलकर्णी सुनील दत्तात्रय' होतात. इथपर्यंत ठीक. पण बँक, फोन कंपनी, विमा आणि पगाराची यादी यांना नाव काताकाना लिपीतही लागतं (परदेशी नावं लिहिण्याची जपानी लिपी), आणि ते पासपोर्टवरून आपोआप ठरत नाही. फॉर्म भरताना तुम्ही जे लिहाल ते.

कुलकर्णीचं 'कुरुकारुनि' होतं. शेवटी स्वर लांबवणारी आडवी रेघ दिली तर 'कुरुकारुनी'. जपानी माणसाला ही एकाच नावाची दोन रूपं वाटतील, बँकेच्या संगणकाला ती दोन वेगळी माणसं आहेत. विद्या हे नाव कोणी 'विदिया' लिहितं, कोणी 'बिदिया'. एचआरने एक लिहिलं आणि बँकेत दुसरं असलं, तर पगार खात्यात जमा न होता परत जातो.

म्हणून असं करा:

- नाव काताकानात लिहून घ्या. जपानी जाणणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून किंवा कंपनीच्या एचआरकडून तपासून घ्या.
- वडिलांचं नाव कार्डावर येणारच आहे, म्हणून काताकानातही ते ठेवा. बँका कार्डावरच्या पूर्ण नावाशीच पडताळतात.
- शक्य तेवढी साधी अक्षरं निवडा. 'व्ह' दाखवणारं खास अक्षर काही ठिकाणच्या फॉर्मना चालत नाही, तिथे 'ब' बिनघोर चालतो.
- ठरलेल्या रूपाचा फोटो फोनमध्ये ठेवा. पुढे प्रत्येक फॉर्म त्यावरूनच भरा, आठवणीतून नको.

कुटुंबाचे कागद. जोडीदार आणि मुलं सोबत किंवा मागून येणार असतील तर विवाह प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले मूळ स्वरूपात आणा, आणि त्यांचं जपानी भाषांतर करून ठेवा. भाषांतराखाली भाषांतर करणाऱ्याचं नाव आणि तारीख हवी. व्हिसा मिळाला म्हणजे या कागदांचं काम संपलं असं समजून ते घरी ठेवून येणारे खूप आहेत. महापालिकेच्या खिडकीवर ते पुन्हा मागितले जातात.

पेन्शनचा दाखला. भारतातली कंपनी तुम्हाला डेप्युटेशनवर पाठवत असेल तर हे नीट वाचा. भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. त्यानुसार पाच वर्षांपर्यंतच्या डेप्युटेशनसाठी ईपीएफओकडून 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' घेतलं, तर जपानची पेन्शन वर्गणी भरावी लागत नाही. ही वर्गणी पगाराच्या १८.३ टक्के असते आणि त्यातली निम्मी तुमच्या पगारातून कापली जाते, म्हणजे रक्कम छोटी नाही. दाखला कंपनीमार्फत, निघण्याआधी काढा. जपानी कंपनीने थेट नोकरीवर घेतलं असेल तर ही सवलत नाही.

औषधं. डॉक्टरने लिहून दिलेली औषधं एक महिन्याच्या मात्रेपर्यंत आणता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर 'युन्यू काकुनिन-शो' ही आयातीची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते.

> इशारा: स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेली औषधं जपानमध्ये आणण्यास बंदी आहे. आपल्याकडच्या सर्दीच्या कित्येक गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. आईने बॅगेत टाकलेला सर्दी-खोकल्याचा डबा उघडून प्रत्येक पाकिटावरचे घटक वाचा. खात्री नसेल ते औषध घरीच ठेवा.

मांसाचे पदार्थ, ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणू नका. डाळ-तांदळालाही वनस्पती तपासणीचा दाखला लागतो. तोक्योत निशी-कासाई किंवा शिन-ओकुबोला तूरडाळीपासून पोह्यांपर्यंत सगळं मिळतं, त्यासाठी बॅगेतली जागा घालवू नका.

पैसे. बऱ्याच कंपन्यांत पगार महिन्याच्या २५ तारखेला होतो. महिन्याच्या मध्यावर रुजू झालात तर पहिला पूर्ण पगार यायला दीड-दोन महिने लागू शकतात. तेवढ्या काळाचा खर्च हाताशी ठेवा, थोडा येनमध्ये, बाकी फॉरेक्स कार्डावर. सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या सेव्हन बँकेच्या आणि पोस्टाच्या एटीएमवर परदेशी कार्डं चालतात.

## टप्पा २: विमानतळावर

नारिता, हानेदा, चूबू, कान्साई, शिन-चितोसे, हिरोशिमा आणि फुकुओका या विमानतळांवर इमिग्रेशनच्या खिडकीवरच रेसिडेन्स कार्ड हातात मिळतं. ते खिशात घालण्याआधी तिथेच उभं राहून वाचा.

तपासा:

- नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतं का
- जन्मतारीख बरोबर आहे का
- निवासाचा प्रकार आणि शेवटची तारीख काय आहे
- कुटुंबातल्या प्रत्येकाचं, तान्ह्या बाळाचंसुद्धा, वेगळं कार्ड मिळालं का

चूक दिसली तर खिडकी सोडू नका, तिथेच सांगा.

कार्डाची मागची बाजू कोरी असते, तिथे पत्ता यायचा आहे. तो येईपर्यंत या कार्डावर जवळजवळ कुठलंच काम होत नाही.

> इशारा: १६ वर्षांवरच्या प्रत्येकाने हे कार्ड कायम जवळ बाळगायचं असतं. पोलिसांनी मागितलं आणि नसलं तर २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही ते खिशात असू द्या. फोनमधला फोटो चालत नाही.

## टप्पा ३: घरात शिरताना

घर कसं शोधायचं हा वेगळा विषय आहे. इथे फक्त दोन गोष्टी. खासगी घर घेताना अनामत म्हणजे शिकिकिन, परत न मिळणारं रेइकिन, दलाली, हमीदार कंपनीची फी, आगीचा विमा आणि पहिलं भाडं मिळून सुरुवातीलाच भाड्याच्या चार-पाच पट रक्कम जाते. यूआर या सार्वजनिक संस्थेच्या घरांना रेइकिन, दलाली आणि हमीदार लागत नाही, पण उत्पन्नाची अट असते. पगाराचे कागद तयार असतील तर आधी तिथे चौकशी करा.

चावी मिळाल्यावर सामान लावण्याआधी ही कामं उरका:

१. रिकाम्या घराचे फोटो. भिंती, जमीन, सिंक, चुलीच्या मागची भिंत, बाथरूमचे कोपरे. आधीचा प्रत्येक ओरखडा आणि डाग तारखेसकट टिपा. घर सोडताना घरमालक दुरुस्तीचा खर्च अनामतीतून वळता करतो. साधारण वापराची झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, पण फोडणीचे तेलकट थर आणि हळदीचे डाग झीज म्हणून धरले जात नाहीत. चुलीमागे ॲल्युमिनियमचा पडदा पहिल्याच दिवशी लावा, तो शंभर येनच्या दुकानातही मिळतो.

२. गॅस. वीज आणि पाणी फोनवरून किंवा ऑनलाइन सुरू होतं. गॅससाठी मात्र कंपनीचा माणूस घरी येतो आणि तेव्हा तुम्ही घरात असावं लागतं. मार्च-एप्रिलच्या गर्दीत वेळ पटकन मिळत नाही, त्यामुळे चावीची तारीख कळल्याबरोबर ती ठरवा. नाहीतर आंघोळीला गरम पाणी नाही.

३. टपालपेटीवर नाव. रोमन आणि काताकाना, दोन्हींत. कागदाची पट्टी चिकटवली तरी चालते, पण पहिल्या दिवशीच. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन टपाल पाठवणाऱ्याकडे परत पाठवू शकतो. पुढच्या तीन आठवड्यांत माय नंबरचं पत्र, बँकेचं कार्ड आणि विम्याचे कागद याच पेटीत यायचे आहेत.

४. कचऱ्याचं वेळापत्रक. ते इमारतीत लावलेलं असतं किंवा महापालिकेत मिळतं. कुठल्या वारी जळणारा कचरा, कुठल्या वारी प्लास्टिक, काच, डबे, हे प्रत्येक शहरात वेगळं. नागोयासारख्या शहरात ठरलेल्या पिशव्याच वापराव्या लागतात, तोक्योच्या २३ वॉर्डांत तशी सक्ती नाही. कचरा त्याच दिवशी सकाळी ठेवायचा, आदल्या रात्री नाही. शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात ते बहुधा या एकाच कारणाने. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, ते घट्ट करणारी पावडर सुपरमार्केटात मिळते, मग ते जळणाऱ्या कचऱ्यात जातं.

कंपनीने आधी तात्पुरती जागा दिली असेल तर? हॉटेलचा पत्ता सहसा नोंदवता येत नाही. महिनाभराच्या भाड्याने घेतलेल्या सर्व्हिस अपार्टमेंटवर मात्र बरेचदा नोंदणी होते, करारात तशी परवानगी आहे का ते विचारा. परवानगी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नोंदणी करून टाका, पक्क्या घराची वाट बघू नका. नंतर पत्ता बदलण्याचा एक फेरा वाढतो हे खरं, पण पगाराचं खातं महिनाभर अडकण्यापेक्षा तो फेरा बरा.

## टप्पा ४: महापालिकेच्या कार्यालयात

तोक्योच्या वॉर्डात हे कार्यालय 'कुयाकुशो', इतर बहुतेक शहरांत 'शियाकुशो'. राहण्याची जागा पक्की झाल्यापासून १४ दिवसांच्या आत इथे पत्त्याची नोंद करावी लागते. उशीर झाला तर २ लाख येनपर्यंत दंडाची तरतूद आहे. देशात उतरल्यापासून ९० दिवसांत नोंदच केली नाही तर निवासाचा परवाना रद्द होऊ शकतो.

सोबत न्या: सगळ्यांचे पासपोर्ट, सगळ्यांची रेसिडेन्स कार्डं, घराचा करार, आणि कुटुंब असेल तर विवाह प्रमाणपत्र आणि जन्मदाखले भाषांतरासकट. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर जा.

दारातच नंबराचं टोकन मिळतं. फॉर्मचं नाव 'तेन्न्यू तोदोके'. त्यात घरप्रमुख म्हणजे 'सेताइनुशी' कोण हे लिहायचं असतं, सहसा ज्याच्या नावावर नोकरी आणि घराचा करार आहे तो. बाकीच्यांचं त्याच्याशी नातं लिहायचं. नात्याचे कागद इथेच लागतात.

पत्ता लिहिताना इमारतीचं नाव आणि खोली क्रमांक सोडू नका. कारकून बरेचदा कराराकडे बघून लिहून घेतो, पण तपासायचं काम तुमचं. खोली क्रमांकाशिवाय नोंद झाली तर ४० फ्लॅट्सच्या इमारतीत तुमचं पत्र कुणाच्या पेटीत जाणार? शिवाय पुढे बँकेत लिहिलेला पत्ता आणि कार्डावरचा पत्ता जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो.

काम झाल्यावर कार्डाच्या मागे पत्ता छापून मिळतो. निघण्यापूर्वी त्याच इमारतीत ही कामंही करून घ्या:

- ज्यूमिनह्यो, म्हणजे रहिवासाचा दाखला, दोन प्रती. एक कंपनीला लागतो, एक जवळ ठेवा. बहुतेक ठिकाणी एका प्रतीला ३०० येन पडतात.
- मुलं असतील तर बालभत्ता, 'जिदो तेआते'. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची मर्यादा काढली आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला महिना १५ हजार, त्यापुढे हायस्कूलच्या वयापर्यंत १० हजार, तिसऱ्या मुलापासून ३० हजार येन. अर्ज १५ दिवसांत करायचा, कारण उशिराचे महिने मागून मिळत नाहीत. 'हे परदेशी लोकांसाठी नसेल' असं समजून अर्जच न करणारी कुटुंबं आहेत. हा भत्ता तुमचाही आहे, तुम्ही इथे कर भरणार आहात.
- मुलांच्या औषधोपचाराच्या सवलतीचा अर्ज, आणि शाळेचं वय असेल तर सरकारी शाळेतल्या प्रवेशाची चौकशी.

> तपासणी: कार्डाच्या मागचा पत्ता, ज्यूमिनह्योवरचा पत्ता आणि घराच्या करारावरचा पत्ता शेजारी ठेवून वाचा. फरक असेल तर खिडकीवर परत जा. आज ते पाच मिनिटांचं काम आहे.

कुटुंब मागून येणार असेल तर त्यांच्यासाठीही १४ दिवसांचा नियम नव्याने लागतो. त्यांना घेऊन पुन्हा जायचं आहे हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

## टप्पा ५: विमा आणि पेन्शन

कंपनीत रुजू झालात की आरोग्य विमा आणि पेन्शन यांची नोंद कंपनी करते, त्याला 'शाकाई होकेन' म्हणतात. इथे तुमचं काम इतकंच, की जोडीदार आणि मुलांची नावं अवलंबित म्हणून दिली आहेत का ते विचारणं. पगारावर अवलंबून असलेल्या जोडीदाराला वेगळी पेन्शन वर्गणी भरावी लागत नाही. भारतातल्या आई-वडिलांना या विम्यात घेता येत नाही, कारण एप्रिल २०२० पासून अवलंबित व्यक्ती जपानमध्ये राहणारी असावी अशी अट आहे.

अडचण येते ती मधल्या दिवसांची. पत्त्याची नोंद २० तारखेला झाली आणि रुजू १ तारखेला होणार, तर मधले दिवस महापालिकेच्या 'कोकुमिन केन्को होकेन'मध्ये येतात. खिडकीवर कंपनीत रुजू होण्याची तारीख स्पष्ट सांगा. पुढे कंपनीचा विमा सुरू झाल्यावर महापालिकेचा विमा बंद करायला तुम्हालाच कळवावं लागतं, तो आपोआप बंद होत नाही. दोन्हीकडची बिलं येऊ लागली तर कारण बहुधा हेच.

डेप्युटेशनच्या सवलतीचा दाखला असेल तर तो फक्त पेन्शनपुरता आहे. आरोग्य विमा तरीही घ्यावा लागतो. विमा असल्यावर दवाखान्यात साधारण ३० टक्के रक्कम आपण भरतो.

२ डिसेंबर २०२४ पासून विम्याचं वेगळं कार्ड नव्याने दिलं जात नाही. माय नंबर कार्ड हेच विम्याचं कार्ड. ते हाती येईपर्यंत 'शिकाकु काकुनिन-शो' हे पत्र विमा संस्थेकडून मिळतं. कंपनीकडे ते मागून घ्या, नाहीतर पहिल्या महिन्यात ताप आला तर पूर्ण बिल आधी खिशातून भरावं लागेल.

## टप्पा ६: फोन

आता कार्डावर पत्ता आहे, तेव्हा फोनचा करार होऊ शकतो. ०९०, ०८० किंवा ०७० ने सुरू होणारा, बोलण्याची सोय असलेला नंबर घ्या. फक्त डेटाचं सिम स्वस्त पडतं म्हणून घेतलं जातं आणि मग बँकेच्या फॉर्ममध्ये लिहायला नंबरच नसतो.

मोठ्या कंपन्या जपानी बँक खातं किंवा क्रेडिट कार्ड मागतात, आणि तुमच्याकडे अजून दोन्ही नाही. परदेशी नागरिकांना सेवा देणाऱ्या काही फोन कंपन्या भारतीय क्रेडिट कार्ड घेतात. सुरुवातीला तिथून नंबर घ्या. चार-सहा महिन्यांनी तोच नंबर स्वस्त कंपनीकडे नेता येतो. या कारणासाठी दीर्घ मुदतीचा, मोडल्यास दंड असलेला करार करू नका.

## टप्पा ७: बँक

इथे नियम समजून गेलात तर नकार टळतो. जपानच्या परकीय चलन कायद्यानुसार नव्याने आलेला परदेशी माणूस पहिले सहा महिने 'अनिवासी' धरला जातो. पण जपानमधल्या कार्यालयात नोकरी करणारा माणूस पहिल्या दिवसापासून निवासी धरला जातो. काउंटरवर 'सहा महिने झाले का?' असं विचारलं आणि तुम्ही फक्त 'नाही' म्हणालात, की संभाषण तिथेच संपतं. म्हणून कंपनीचं ओळखपत्र किंवा नोकरीचा दाखला, 'झाइशोकु शोमेइशो', पुढे करा आणि नोकरीवर आहे असं आधी सांगा.

१. आधी एचआरला विचारा, कंपनीचा व्यवहार कुठल्या बँकेशी आहे. तिथे खातं उघडणं सगळ्यात सोपं.
२. नाही जमलं तर पोस्टाची बँक, 'यूचो'. निवासाच्या परवान्याचे तीन महिन्यांपेक्षा जास्त दिवस शिल्लक हवेत.
३. रेसिडेन्स कार्ड, पासपोर्ट, नोकरीचा पुरावा, फोन नंबर आणि काताकानातल्या नावाचा फोटो जवळ ठेवा.
४. शिक्का म्हणजे हांको मागतात का ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी सही चालते. लागलाच तर साधा कोरीव शिक्का करून घ्या, आत शाई असलेला रबरी शिक्का बँकेत चालत नाही.

काताकाना नाव पासबुकावर जसं छापलं आहे, तसंच एचआरला कळवा. लिहून नको, पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटोच पाठवा.

एटीएम कार्ड काही दिवसांनी नोंदणीकृत टपालाने घरी येतं. तुम्ही ऑफिसात असाल तर पोस्टमन पेटीत 'फुझाइह्यो' नावाची चिठ्ठी टाकतो. जाहिरातीचा कागद समजून ती फेकली जाते, म्हणून ती कशी दिसते ते एखाद्या सहकाऱ्याकडून बघून घ्या. त्यावरचा क्रमांक वापरून पुन्हा वितरणाची वेळ मागता येते. पोस्ट हे टपाल सात दिवस ठेवतं, मग बँकेकडे परत.

> इशारा: निवासाचा परवाना वाढवलात की नवं कार्ड बँकेला दाखवा. जुनी तारीख उलटून गेली आणि बँकेकडे नवीन माहिती नसली तर खात्यातले व्यवहार थांबवले जातात.

## टप्पा ८: माय नंबर

पत्त्याची नोंद झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत १२ अंकी माय नंबरचं पत्र टपालाने येतं. नंबर कंपनीला द्यावा लागतो, बाकी कुणालाही सहज देऊ नका. पत्रासोबतच्या अर्जावरून किंवा त्यावरच्या क्यूआर कोडने कार्डाचा अर्ज करा. पहिलं कार्ड मोफत असतं. अर्ज केल्यावर महिनाभराने महापालिकेतून ते घेऊन यावं लागतं.

या कार्डाची मुदत तुमच्या निवासाच्या परवान्याइतकीच असते. परवाना वाढला म्हणून कार्ड आपोआप वाढत नाही. नवीन रेसिडेन्स कार्ड मिळालं की जुनी मुदत संपण्याआधी महापालिकेत जाऊन माय नंबर कार्डाची मुदत वाढवून घ्या. एक दिवस उलटला तरी ते रद्द होतं, नव्याने अर्ज करावा लागतो आणि मधल्या काळात विम्याचं कार्डही नसतं.

## टप्पा ९: पहिल्या महिन्यातच लिहून ठेवायच्या पुढच्या तारखा

दुसऱ्या वर्षीचा जून. स्थानिक रहिवासी कर, 'ज्यूमिनझेई', आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर असतो, साधारण १० टक्के. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्याचा हा कर जून २०२६ पासून पगारातून कापला जाऊ लागतो. पहिल्या वर्षीच्या हातात येणाऱ्या पगारावर घराचा हप्ता किंवा गाडीचं कर्ज ठरवू नका. आणि १ जानेवारीला जपानमध्ये नोंद असेल तर फेब्रुवारीत देश सोडला तरी त्या वर्षीचा हा कर द्यावा लागतो.

नोकरी बदलल्यापासून १४ दिवस. जुनी नोकरी सोडल्याचं आणि नवी धरल्याचं इमिग्रेशनला तुम्ही स्वतः कळवायचं असतं, ऑनलाइन होतं. कंपनी करेल असं समजून राहू नका. पुढचा परवाना वाढवताना ही चूक समोर येते.

जोडीदाराची नोकरी. अवलंबित व्हिसावर काम करायचं तर आधी इमिग्रेशनची परवानगी, मग काम. परवानगी मिळाल्यावरही मर्यादा आठवड्याला २८ तासांची. दोन ठिकाणी काम केलं तर दोन्हींचे तास एकत्र मोजले जातात.

भारतात पाठवलेले पैसे. आई-वडिलांना अवलंबित दाखवून वर्षअखेरीच्या करसमायोजनात सवलत घेणार असाल, तर पहिल्या महिन्यापासून शिस्त लावा. २०२३ पासून परदेशातल्या ३० ते ६९ वयाच्या नातेवाइकाला धरायचं तर, विद्यार्थी किंवा अपंग नसल्यास, त्या व्यक्तीला वर्षात किमान ३ लाख ८० हजार येन पाठवलेले असावे लागतात. पैसे प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यात वेगवेगळे जायला हवेत. बाबांच्या खात्यात एकत्र रक्कम पाठवली तर ती आईच्या नावे धरली जात नाही. आईचं स्वतंत्र खातं नसेल तर पुढच्या सुट्टीची वाट न बघता आत्ताच उघडायला सांगा, आणि पैसे पाठवल्याची प्रत्येक पावती एका फोल्डरमध्ये ठेवा. साधारण नोव्हेंबरमध्ये कंपनी फॉर्म वाटते, तेव्हा नात्याचे दाखले आणि या पावत्या जपानी भाषांतरासकट जोडायच्या असतात.